चिकित्सेचा तिसरा पाद : कर्करोगाच्या तीव्र उपचारकाळातील सोबत्याचे कार्य

१. प्रास्ताविक

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि रोगी. प्रत्येक पादाचे चार गुण तेथे मोजून दाखविले असून, या सोळा गुणांच्या एकत्र येण्यावर चिकित्सेचे यश अवलंबून असल्याचे मानले आहे. वैद्याला अर्थातच प्राधान्य आहे. तथापि परिचारकाला औषधाच्या बरोबरीने एक स्वतंत्र पाद मानले गेले, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. परिचारकाच्या ठिकाणी जे चार गुण अपेक्षिले आहेत ते असे : उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शौच.

आधुनिक वैद्यकाने पहिल्या दोन पादांचा विकास आश्चर्यकारक रीतीने केला आहे. तिसऱ्या पादाच्या जागी प्रशिक्षित परिचारिकांचा व्यवसाय उभा राहिला. परंतु आपल्याकडील कोणत्याही मोठ्या रुग्णालयात पाऊल टाकले, की खाटेच्या पायथ्याशी किंवा बाहेरच्या बाकावर मांडीवर फाइल घेऊन बसलेली आणखी एक व्यक्ती दिसते. ती आई असते, पत्नी असते, भाऊ असतो, क्वचित शेजारीही असतो. रुग्णालयातील लोक तिला 'नातेवाईक' म्हणून हाक मारतात. प्रस्तुत लेखात तिच्यासाठी 'सोबती' हा शब्द योजिला आहे. कारण नाते हे तिचे लक्षण नसून सोबत हे तिचे कार्य आहे.

या लेखाचे प्रतिपाद्य थोडक्यात असे आहे. तीव्र उपचारकाळात सोबती जे करतो ते उपचाराच्या बाहेरचे, केवळ मायेचे काम नव्हे. तो उपचाराचाच एक भाग होय. त्यात प्रेमाइतकीच ज्ञानाची आवश्यकता असते, आणि हे ज्ञान शिकविता येण्याजोगे आहे. ते शिकविले गेले नाही, तर प्रेमापोटीच रुग्णाचे अहित घडू शकते. समाजशास्त्र, मानसशास्त्र व समाजकार्य या विषयांच्या अभ्यासकांनी या प्रश्नाकडे वळावे, या हेतूने हे विवेचन केले आहे. उदाहरण म्हणून अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग घेतला आहे; कारण त्याचा उपचार अत्यंत तीव्र, दीर्घ आणि तरीही पुष्कळ वेळा रोगमुक्तीपर्यंत नेणारा असतो. पुढे दिलेले आकडे सर्वसामान्य समजुतीसाठी आहेत. प्रत्यक्ष रुग्णाच्या बाबतीत त्याच्या डॉक्टरांची सूचनाच प्रमाण मानावी.

२. उपचाराचे स्वरूप

१९४७ च्या अखेरीस बोस्टन येथे सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया झालेल्या मुलांना अमिनॉप्टेरिन हे द्रव्य देण्यास आरंभ केला व १९४८ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. हे द्रव्य लेडर्ली प्रयोगशाळेत आंध्रातून अमेरिकेस गेलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झाले होते. त्या काळी लाभलेली रोगापासूनची सुटका अल्पकाळच टिके. पुढे अनेक औषधे एकत्र व क्रमाने देण्याची पद्धत विकसित झाली आणि आज साधनसंपन्न देशांत या रोगाने पीडित मुलांपैकी सुमारे ९० टक्के मुले दीर्घकाळ जगतात. प्रौढांच्या बाबतीत हे प्रमाण कमी आहे. आपल्यासारख्या देशात मुलांच्या बाबतीतही ते कमी पडते; त्याच्या कारणांत उपचारकाळात होणारा जंतुसंसर्ग आणि उपचार अर्धवट सोडला जाणे ही दोन कारणे ठळक आहेत. या दोन्ही ठिकाणी सोबत्याचा संबंध येतो, हे येथेच नमूद करून ठेवू.

उपचाराचा संपूर्ण काळ साधारणतः दोन ते तीन वर्षांचा असतो. पहिल्या चार-पाच आठवड्यांत रोगपेशींचा मोठा नाश करून अस्थिमज्जा मोकळी करावयाची असते. त्यानंतर कित्येक महिने निरनिराळ्या औषधांची तीव्र चक्रे चालतात. शेवटी दीड-दोन वर्षे मुख्यतः तोंडाने घ्यावयाच्या गोळ्यांचा सौम्य उपचार असतो. या कालावधीचा मोठा भाग रुग्ण रुग्णालयात नसतो. तो घरी, भाड्याच्या खोलीत किंवा धर्मशाळेत असतो. केमोथेरपीचे औषध रुग्णालयात शिरेतून जाते, परंतु त्याचा परिणाम आठवडा-दहा दिवसांनी अन्यत्र प्रकट होतो. म्हणजे ज्या दिवशी धोका सर्वाधिक असतो, त्या दिवशी जवळ डॉक्टर असेलच असे नाही. सोबती मात्र असतो.

असे का घडते, हे समजून घेणे आवश्यक आहे. केमोथेरपीची बहुतेक औषधे वेगाने विभागणाऱ्या पेशींवर आघात करतात. त्यात रोगपेशींबरोबर अस्थिमज्जेतील निरोगी पेशीही सापडतात. रक्तातील तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. रक्तबिंबिका, ज्यांना रुग्णालयात सर्वजण प्लेटलेट म्हणतात, आठ ते दहा दिवस टिकतात. न्यूट्रोफिल या श्वेतपेशींचे रक्तातील आयुष्य मात्र काही तासांचेच असते. कारखाना बंद पडला, की ज्या मालाचा साठा अल्प तो प्रथम संपतो; त्याप्रमाणे न्यूट्रोफिल प्रथम घटतात. साधारणपणे औषध दिल्यापासून सात ते चौदा दिवसांच्या दरम्यान त्यांची संख्या नीचांक गाठते. रुग्णालयाच्या व्यवहारात यालाच 'काउंट पडणे' असे म्हणतात. एरवी दर घन मिलिमीटर रक्तात दीड हजाराहून अधिक असणाऱ्या या पेशी ५०० च्या खाली गेल्या, म्हणजे शरीर जंतूंपुढे जवळजवळ निःशस्त्र होते.

३. पहिला गुण : उपचारांचे ज्ञान

अशा निःशस्त्र अवस्थेत संसर्ग झाला तर तो ओळखावा कसा? एरवी जखम लाल होते, सुजते, तिच्यात पू धरतो. परंतु पू हा मुख्यतः न्यूट्रोफिल पेशींचाच बनलेला असतो, आणि त्याच पेशी येथे नाहीत. परिणामी, संसर्ग भयंकर असूनही शरीरावर त्याचे काहीच चिन्ह दिसत नाही. ताप हे पुष्कळदा एकमेव चिन्ह असते. म्हणून तापमान एकदा जरी १०१ अंश फॅरनहाइट झाले, किंवा १००.४ अंशांवर तासभर टिकले, तरी ती आणीबाणी समजली जाते व रुग्ण पोहोचल्यापासून एका तासाच्या आत शिरेतून प्रतिजैविके सुरू करण्याचा प्रयत्न केला जातो. अशा रुग्णाची प्रकृती काही तासांत हाताबाहेर जाऊ शकते; सकाळची वाट पाहणे त्याला परवडत नाही.

येथे एक वैयक्तिक अनुभव नमूद करण्याची वाचकांनी अनुमती द्यावी. काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाच्या धाकट्या भावावर मुंबईत हा उपचार चालू होता. दुसऱ्या चक्रानंतर आम्ही भाड्याच्या खोलीत होतो. अकराव्या रात्री दोनच्या सुमारास त्याला १००.८ अंश ताप आला. आईने कपाळावर पाण्याची पट्टी ठेवली. लेखकाने पॅरासिटामॉलची गोळी दिली. तासाभरात अंग गार लागले, घाम आला, आणि आम्हां सर्वांना हायसे वाटले. "झोपू दे त्याला, उगाच आता रात्रीचं हलवू नको," असे आई म्हणाली, आणि ते सर्वांना पटले. सकाळी सातला तो उठून बसू शकत नव्हता. रुग्णालयात नेईपर्यंत रक्तदाब पुष्कळ खाली आला होता. त्यानंतरचे नऊ दिवस अतिदक्षता विभागात गेले. भाऊ वाचला, परंतु पुढील चक्र तीन आठवडे लांबले.

ताप आल्यास ताबडतोब यावे, स्वतः गोळी देऊ नये, असे सांगणारे पत्रक आमच्यापाशी होते. ते इंग्रजीत होते, आणि लेखकाने ते प्लास्टिकच्या पिशवीत, फाइलच्या अगदी तळाशी, जपून ठेवले होते. विद्यापीठात शिकविण्याचा व्यवसाय करणाऱ्या माणसाने ते आईला एकदाही वाचून दाखविले नव्हते. पॅरासिटामॉलने संसर्ग जात नाही, केवळ त्याची खूण पुसली जाते, हे आम्हां कोणासच त्या रात्री माहीत नव्हते. अज्ञान येथे निरक्षरतेचे नव्हते; ज्ञान योग्य व्यक्तीपाशी योग्य वेळी नसण्याचे होते.

स्टेरॉइडचा उपचार चालू असताना तर ताप न येताही संसर्ग असू शकतो. म्हणून थंडी वाजून येणे, धाप लागणे, लघवी कमी होणे, असंबद्ध बोलणे, अथवा नेहमीपेक्षा वेगळी ग्लानी येणे, यांपैकी काहीही आढळले तरी तापाइतकेच गंभीर मानावे. प्लेटलेटच्या बाबतीतही अशीच चिन्हे आहेत. त्यांची सामान्य संख्या दीड ते साडेचार लाख असते. ती १० हजारांच्या खाली गेली, की आपोआप रक्तस्राव होण्याचा धोका असल्याने बहुधा बाहेरून प्लेटलेट दिल्या जातात. हिरड्यांतून रक्त येणे, कातडीवर टाचणीच्या टोकाएवढे तांबडे ठिपके उठणे, काळे शौच होणे आणि विशेषतः अकस्मात तीव्र डोकेदुखी, ही त्याची चिन्हे होत. अशा काळात अ‍ॅस्पिरिन व तत्सम वेदनाशामके टाळावी लागतात. गल्लीतील डॉक्टरकडून स्नायूत इंजेक्शन घेणेही टाळावे लागते.

४. दुसरा गुण : दक्षता

ज्ञान असूनही ते व्यवहारात उतरविण्याचे कौशल्य निराळे. त्याची साधने अगदी साधी आहेत : एक थर्मामीटर, एक वही, एक घड्याळ. वहीत तारखेप्रमाणे तापमान, दिलेली औषधे, उलट्या, शौच, खाणे-पिणे व काउंट यांची नोंद ठेवावी. आठ दिवसांतून एकदा पाच-दहा मिनिटे रुग्णाला पाहणाऱ्या डॉक्टरला या वहीमुळे आठही दिवस दिसतात. "बरा आहे" किंवा "जरा अशक्त वाटतो" या उत्तरांपेक्षा "मंगळवारपासून शौच झालेले नाही" हे वाक्य अधिक उपयोगाचे. कारण व्हिन्क्रिस्टिन या औषधाने आतड्यांची हालचाल मंदावते आणि त्यावर वेळीच इलाज करावा लागतो.

गोळ्यांच्या बाबतीत दक्षतेचे महत्त्व याहूनही अधिक आहे. शेवटच्या दीर्घ टप्प्यात मर्कॅप्टोप्युरिन ही गोळी रोज, तर मेथोट्रेक्सेट ही बहुधा आठवड्यातून एकदाच द्यावयाची असते. आठवड्याची गोळी चुकून रोज दिली गेल्यास प्राणावर बेतते; अशा चुका जगभर घडलेल्या आहेत. म्हणून मेथोट्रेक्सेटचा वार वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. याच्या उलट प्रकार रोजच्या गोळीचा. या टप्प्यात रुग्ण बरा दिसत असतो, केस पुन्हा उगवलेले असतात, शाळा-नोकरी सुरू झालेली असते. मग एखादा दिवस गोळी राहून जाते. २०१२ साली स्मिता भाटिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील मुलांविषयी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की मर्कॅप्टोप्युरिनच्या ठरलेल्या मात्रांपैकी ९५ टक्क्यांहून कमी मात्रा घेणाऱ्यांत रोग उलटण्याचा धोका लक्षणीय रीत्या वाढतो. ९५ टक्के म्हणजे महिन्यात एक-दोन दिवसांहून अधिक चूक नाही. ही शिस्त वैद्याच्या हाती नाही. ती घरातील फडताळापाशी, रात्रीच्या जेवणानंतर पाळली जाते अथवा मोडली जाते.

प्लेटलेटसाठी दाते मिळविणे हेही सोबत्याच्याच वाट्याला येते. प्लेटलेट साधारणतः पाच दिवसांपलीकडे साठविता येत नाहीत. त्यामुळे पुष्कळ दाते एकदाच आणण्यापेक्षा ते क्रमाने येतील अशी व्यवस्था हितावह असते. गावाहून शंभर माणसे एका जीपगाड्यांच्या ताफ्यात येण्यापेक्षा शहरातील दहा ओळखीच्या माणसांची नावे, रक्तगट व दूरध्वनी क्रमांक वहीत असणे अधिक मोलाचे.

५. तिसरा गुण : शौच

शौच या गुणाचा अर्थ येथे शब्दशः घ्यावयाचा. साबणाने हात धुणे हा संसर्ग टाळण्याचा सर्वांत स्वस्त व परिणामकारक उपाय आहे. अन्न ताजे शिजविलेले व गरम असावे. पाणी उकळलेले असावे. फळे धुऊन, साल काढून द्यावीत. उघड्यावर कापलेली फळे व बाहेरचा रस टाळावा. तोंडात फोड आल्यास मऊ ब्रश व मिठाच्या पाण्याच्या गुळण्या यांचा उपयोग होतो. पथ्याच्या नावाखाली अन्नाची यादी अतोनात आखडत नेणे मात्र योग्य नव्हे. उपास घडून अशक्तपणा वाढतो. अन्न कोणते यापेक्षा ते कसे शिजविले व हाताळले हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

शौचाचा खरा कस लागतो तो अन्नात नव्हे, तर माणसांत. आपल्या समाजात आजाऱ्याला भेटून येणे हे कर्तव्य मानले जाते. न भेटणे म्हणजे माणुसकी नसणे. त्यामुळे काउंट पडलेल्या रुग्णाच्या खोलीत सर्दी-खोकला असलेला मामा आणि शाळेतून आलेली लहान मुले एकाच वेळी बसलेली आढळतात. मामांना दारात थांबविणे हे धाकट्या सुनेला किंवा पुतण्याला जमण्याजोगे नसते. नात्यांतील मानमर्यादा आड येते. म्हणून ही मनाई सोबत्याने स्वतःच्या नावावर न करता रुग्णालयाच्या नावावर करावी. डॉक्टरांची स्वाक्षरी असलेली चार ओळींची मराठी सूचना दारावर लावली, तर कोणाचाही अपमान होत नाही. भेटू इच्छिणाऱ्यांना दुसरे काम सोपवावे : डबा आणणे, रक्त देणे, रुग्णालयातील रांगेत उभे राहणे, किंवा सोबत्याला चार तास झोपू देणे.

६. चौथा गुण : अनुराग

अनुराग शिकवावा लागत नाही, असे आपण समजतो. तो असतोच, यात संशय नाही. परंतु त्याची रूढ रूपे तीव्र उपचारकाळात पुष्कळदा उपयोगी पडत नाहीत. प्रेम म्हणजे खाऊ घालणे, ही आपल्याकडील दृढ समजूत. तोंडभर फोड आलेल्या, मळमळणाऱ्या मुलाला "माझ्यासाठी एवढा एक घास" म्हणून भरविताना आईला आपण त्याला दुखवीत आहोत हे जाणवत नाही. आणि त्याने तोंड फिरविले, की तिला ती स्वतःची हार वाटते. याच्या उलट, स्टेरॉइडच्या दिवसांत तोच मुलगा दर तासाला खावयास मागतो, रात्री झोपत नाही, क्षुल्लक कारणाने संतापतो किंवा रडतो. हे त्याच्या स्वभावाचे नव्हे तर औषधाचे कार्य आहे, एवढे आधी सांगितले गेले तर घरातील कितीतरी कटुता टळेल. नवऱ्याने ताट भिरकावले तर ते आपल्यावरील रागाने नव्हे, हे पत्नीला उपचाराच्या पहिल्याच आठवड्यात कळावयास हवे.

'शुश्रूषा' या शब्दाची व्युत्पत्ती येथे मार्गदर्शक ठरेल. 'श्रु' म्हणजे ऐकणे, या धातूच्या इच्छार्थक रूपापासून तो सिद्ध झाला आहे. त्याचा मूळ अर्थ 'ऐकण्याची इच्छा'. सेवा हा त्याचा पुढचा अर्थ. आजाऱ्याशी बोलताना आपण मात्र बहुधा ऐकत नाही, धीर देतो. "मला भीती वाटते" असे त्याने म्हणताच "काही होत नाही, तू लवकर बरा होशील" असे उत्तर तत्काळ येते. त्या उत्तराने संभाषण संपते. भीती संपत नाही. "कशाची वाटते?" एवढा प्रश्न पुरेसा असतो. पुष्कळदा ती भीती मरणाची नसून उद्याच्या पाठीतल्या सुईची असते, आणि तीवर उपाय करता येतो.

येथेच रोगाचे नाव लपविण्याचा प्रश्न उपस्थित होतो. बार्नी ग्लेझर व अ‍ॅन्सेल्म स्ट्राउस यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात मरणासन्न रुग्ण व भोवतालची माणसे यांच्यातील जाणिवेच्या चार अवस्था वर्णिल्या आहेत : रुग्णाला काहीच माहीत नसणे, त्याला संशय येणे, दोघांनाही माहीत असून दोघांनीही माहीत नसल्याचे सोंग करणे, आणि उघड जाणीव असणे. त्यांचा अभ्यास अमेरिकेतील रुग्णालयांचा असला व तो मरणाविषयीचा असला, तरी तिसरी अवस्था आपल्या वाचकांना घरातली म्हणून ओळखू येईल. वडील पेपर वाचण्याचे निमित्त करतात, मुलगा 'रक्ताची गाठ' म्हणतो, आणि दोघेही कर्करोग विभागाची पाटी असलेल्या दारातून आत जातात. ज्या रोगात रोगमुक्तीची खरी आशा आहे, तेथे हे सोंग विशेष घातक ठरते. कारण ज्याला आपल्याला काय झाले आहे हे ठाऊक नाही, तो दोन वर्षे रोज गोळी घेण्याची शिस्त का पाळील? चरकाने रोग्याच्या गुणांत आपली अवस्था नीट सांगता येणे हा एक गुण मानला आहे. जे त्याला सांगितलेच नाही, ते तो कसे सांगणार? सत्य एकदम व संपूर्ण सांगितले पाहिजे असे नाही. रुग्णाने विचारले तितके, त्याला समजेल अशा शब्दांत आणि खोटे न बोलता, हे सूत्र पुरेसे आहे.

७. सोबत्याचा भार

आतापर्यंत सोबत्याने काय करावे हे पाहिले. त्याला ते करणे शक्य आहे काय, हा प्रश्न समाजशास्त्राचा आहे. २०१९ साली भारतात झालेल्या कालविनियोग सर्वेक्षणानुसार, घरातील माणसांची बिनमोल देखभाल करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी १३४ मिनिटे देत होत्या, तर पुरुष ७६ मिनिटे. घरकामाची मिनिटे याहून निराळी : स्त्रियांची २९९, पुरुषांची ९७. म्हणजे गंभीर आजार घरात येतो तेव्हा तो आधीच भरलेल्या दिवसावर येऊन पडतो. निर्णय पुरुषांचा आणि जागरण स्त्रीचे, अशी विभागणी झाली म्हणजे डॉक्टरांची सूचना ऐकणारा एक आणि ती पाळणारी दुसरी असा प्रकार होतो. आमच्या खोलीतील त्या रात्रीचे मूळ यातच होते.

मुंबईत परळ येथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. १९६२ साली ते अणुऊर्जा विभागाकडे आले. तेथे देशाच्या सर्व भागांतून रुग्ण येतात, आणि प्रत्येकाबरोबर किमान एक सोबती येतो. त्याची शेती पडीक राहते, मजुरी बुडते, घरी राहिलेली दुसरी मुले आजीच्या स्वाधीन होतात. दादर येथील गाडगे महाराज धर्मशाळा, परळचे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन, २००६ पासून बालरुग्णांच्या कुटुंबांसाठी कार्य करणारी सेंट ज्यूड संस्था, यांनी या लोकांना निवारा दिला आहे. महाराष्ट्र शासनाच्या महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून उपचाराचा मोठा भार हलका होतो. भारतीय रेल्वे कर्करोगाच्या रुग्णाबरोबर एका सोबत्यासही भाड्यात सवलत देते. सोबत्याची स्वतंत्र दखल घेणारा असा नियम विरळाच. परंतु खोलीचे भाडे, जेवणखाण आणि बुडालेली मजुरी यांचा बहुतांश हिशेब सोबत्यालाच करावा लागतो. चार आठवडे वा अधिक काळ उपचार खंडित झाल्यास बालकर्करोगाच्या क्षेत्रात त्यास उपचार सोडणे अशी संज्ञा आहे. हे सोडणे बहुधा रुग्णाच्या निश्चयाने होत नाही. सोबत्याची शक्ती किंवा पैसा संपल्याने होते.

सोबत्यावरील ताण मोजण्याचे प्रयत्नही झाले आहेत. १९८० साली स्टीव्हन झारिट व सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या वृद्ध रुग्णांची देखभाल करणाऱ्यांसाठी २९ प्रश्नांची एक मापिका तयार केली. तिची पुढील २२ प्रश्नांची आवृत्ती आज अनेक रोगांच्या संदर्भात वापरली जाते. अशा मापिका आपल्याकडे वापरताना एक सावधगिरी आवश्यक आहे. "तुम्हांला हा भार वाटतो काय?" असे विचारले असता मराठी आई "भार कसला? माझंच लेकरू आहे" असे उत्तर देईल, आणि मापिकेत शून्य भरले जाईल. तिच्या झोपेचे तास, तिने बुडविलेली जेवणे, तिने पुढे ढकललेले स्वतःचे दुखणे, हे विचारल्यासच खरी स्थिती कळेल.

८. समारोप व संशोधनाच्या दिशा

वरील विवेचनातून काही निश्चित प्रश्न निघतात, व ते पदव्युत्तर प्रबंधिकांच्या आवाक्यातील आहेत. रुग्णालयातून घरी जाताना दिली जाणारी सूचना कोणत्या भाषेत, कोणाला, किती मिनिटांत सांगितली जाते? ज्याला ती सांगितली जाते तोच रात्री रुग्णाजवळ असतो काय? सूचना ऐकविल्यानंतर सोबत्याला ती स्वतःच्या शब्दांत परत सांगावयास लावली, तर ताप आल्यापासून रुग्णालयात पोहोचण्यापर्यंतच्या वेळेत फरक पडतो काय? एका कुटुंबात सोबतीच्या पाळ्या कशा ठरतात, आणि ज्या ठिकाणी एकच सोबती असतो तेथे तो आजारी पडल्यास काय होते? या प्रश्नांच्या अभ्यासाला प्रयोगशाळा लागत नाही. बाह्यरुग्ण विभागातील बाकावर बसून ऐकण्याची तयारी लागते.

व्यवहारापुरते बोलावयाचे, तर एक गोष्ट उद्यापासूनच करता येईल. ज्याच्या घरी असा उपचार चालू असेल त्याने घरातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीला एकत्र बसवून तीन वाक्ये पाठ करावयास लावावीत : ताप १००.४ झाला की निघावयाचे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तापाची गोळी द्यावयाची नाही. रात्र आहे म्हणून थांबावयाचे नाही. रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक, रिक्षावाल्याचा क्रमांक आणि ही तीन वाक्ये मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर चिकटवावीत. आमच्या खोलीत पुढील दोन वर्षे तो कागद दिव्याच्या बटणाखाली होता. त्या काळात रात्रीचा ताप आणखी दोनदा आला, आणि दोन्ही वेळा आईनेच सर्वांना उठविले.